शिट्टीनंतर

कऱ्हाडहून बंब निघाला तेव्हा
रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या, एकामागं एक.
डुबल ड्रायव्हर म्हणाला, घंटा वाजवू का?
म्हटलं, नको. शाळेत चाललोय आपण.

चौथीपर्यंतची शाळा. दोन खोल्या, एक अंगण,
भिंतीवर पाढे, आणि पाढ्यांखाली
लाल नळकांडं, ज्याची मुदत संपून
तीन वर्षं झाली होती.
खवळे बाई म्हणाल्या, कळवलंय वर.
मी मान डोलावली. वर मीही पुष्कळ कळवलंय.

विचारलं, आग लागली तर आधी काय कराल?
'पळायचं!'
'पाणी मारायचं!'
'बाईंना सांगायचं!'
मागच्या रांगेतून एक जण, नाक पुसत,
'शेरडाचं दावं सोडायचं.'
सगळी हसली. मला हसू आलं नाही.
माझ्या तक्त्यावर शेरडू नव्हतं.
तक्ता पुण्यात छापलेला,
त्यावर लिहिलंय, लिफ्ट वापरू नका.

मग सांगितलं, जे दरसाल सांगतो:
कपड्याला पेटलं तर पळायचं नाही,
तोंड झाकायचं, आडवं व्हायचं, लोळायचं.
धूर वर जातो, म्हणून आपण खाली,
रांगत, भिंत धरून.
कढईतलं तेल पेटलं तर पाणी नाही, झाकण.
अंगणात बत्तीस पोरं लोळली.
नव्या गणवेशांचा रंग मातीशी जुळला.
बाईंनी डोळे मिटून घेतले.

मग मी मुखवटा चढवला.
हे करायला मला कुणी सांगत नाही. मी करतो.
काच, नळी, पाठीवर सिलिंडर,
आणि तो श्वास, भात्यासारखा,
आत, बाहेर, आत.
पहिलीतलं एक पोर रडायला लागलं.
रडू दे.
एकदा बैलबाजारामागच्या खोलीत
असाच शिरलो होतो धुरात, हाका मारत,
आणि खाटेखाली जो होता
तो आणखी आत सरकला होता.
माझ्यापासून.

मुखवटा काढून म्हटलं, बघा, मीच. मुलाणीकाका.
असं कुणी आलं तर लपायचं नाही.
खाटंखाली नाही, कणगीमागं नाही, वाकळंत नाही.
हाक मारायची. काय म्हणायचं?
'मी हितं हाय!'
परत.
'मी हितं हाय!'
पलीकडच्या गुऱ्हाळात चुलवाणापुढचा माणूस
चिपाडं टाकायचा थांबला
आणि इकडं बघत राहिला.

शेवटी सराव. शिट्टी फुंकली, गाल दुखेस्तोवर.
पोरं रांगेनं बाहेर, चिंचेखाली.
बाईंनी मोजली. एकतीस.
बोट लावून मोजली. एकतीस.
मी आणखी जोरात शिट्टी फुंकत
खोल्यांत धावलो, बाकांखाली, दारांआड,
कपाट उघडलं, ज्यात फक्त नकाशे होते.

मयूरी अवघडे सापडली
खिचडीच्या तांदळाच्या कोठीत.
भांडी ठेवायला गेलेली,
गर्दीत कुणाच्या तरी धक्क्यानं बाहेरून कडी पडलेली.
पोत्यावर बसून होती, डोळे कोरडे.
तिचाच बाप त्या गुऱ्हाळात जाळ घालतो.
म्हटलं, हाक का नाही मारलीस, बाळ?
'मारली की.
सात येळा.
तुमीच शिट्टी वाजवत हुतासा.'

बंब परत निघाला. डुबलनं काही विचारलं नाही,
कारखान्याच्या फाटकापर्यंत तर नाहीच.
मी तक्ता मांडीवर पालथा घातला
आणि कोऱ्या बाजूला पेननं लिहिलं:
शिट्टी एकदाच.
मग गप्प. दहा मोजेपर्यंत ऐकायचं.
दहा खोडून वीस केलं.

खाली जागा उरली होती, म्हणून आणखी एक:
शेरडाचं दावं. एका हिसक्यात सुटंल
अशी गाठ. पोरांना शिकवणे.
गाठ मला येत नाही.
त्या मागच्या रांगेतल्याला विचारणे.